आरशाला काय दिसेल?

दिवाळीच्या तोंडावर घर आवरायला काढलं की आरशाबद्दलची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांतल्या काही शंका इथे घेतो आहे.

डोंबिवलीच्या एक वाचक लिहितात : आमचा हॉल दहा बाय बाराचा, खिडकी एकच. समोरची संपूर्ण भिंत आरशाची केली तर हॉल दुप्पट दिसेल, असं सगळे सांगतात. करावं का?

संपूर्ण भिंत नको. आरशाने खोली मोठी दिसते हे खरं, पण समोर जे असेल तेच तो दुप्पट करतो. व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात सतरा खिडक्यांसमोर आरशांच्या सतरा कमानी आहेत, एकूण ३५७ आरसे. ते शोभतात, कारण खिडक्यांबाहेर बाग आहे. आपल्या खिडकीबाहेर शेजारच्या विंगेचे एसी आणि वाळत घातलेले टॉवेल असतात. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात दाराजवळचं चपलांचं कपाटही त्या भिंतीच्या टप्प्यात येतं. म्हणजे घरात एका कपाटाची दोन कपाटं!

ही चूक मी स्वतः केलेली आहे. धंद्यात नवा असताना एका घरात जेवणाच्या टेबलामागे सहा फुटी आरसा लावला आणि खुशीत घरी आलो. आठवड्याने त्या घरच्या काकूंचा फोन. म्हणाल्या, "जेवताना समोर सारखं खरकट्या भांड्यांचं सिंक दिसतं हो." आरसा उतरवला, भिंतीची भोकं माझ्या खर्चाने बुजवली.

तुमच्या घरी खिडकीला लागून असलेल्या बाजूच्या भिंतीवर, खिडकीपासून हातभर अंतरावर, तीन बाय चार फुटांचा उभा आरसा लावा. उजेड तिरपा पडून समोरच्या भिंतीवर जातो आणि खोलीचा अंधारा कोपरा उघडतो. मात्र टीव्ही त्याच्या समोर येऊ देऊ नका. खर्च करण्याआधी एक करा. घरातला छोटा आरसा कुणाला तरी त्या जागी धरायला सांगा आणि तुम्ही नेहमी बसता तिथे बसून पाहा. उभं राहून नव्हे, बसून. त्यात पंखा, ट्यूबलाइट, मोरीचं दार यांपैकी काय दिसतं ते कळेल.

कोल्हापूरहून : बेडरूममध्ये नखशिखान्त दिसेल असा आरसा हवा आहे. सुतार सहा फुटी सांगतो. मी पाच फूट दहा इंच, आई चार फूट दहा इंच.

सहा फुटांची गरज नाही. सरळ उभ्या भिंतीवरच्या आरशात पूर्ण दिसायला माणसाच्या उंचीच्या निम्मी काच पुरते. डोळ्यांपासून पावलांकडे जाणारी नजर आरशावर बरोबर निम्म्या उंचीवर आपटते, म्हणून. तुम्ही मागे सरकलात, पुढे आलात, तरी हिशेब तोच. आईंना पावलं दिसण्यासाठी खालची कड जमिनीपासून सत्तावीस इंचांवर हवी आणि तुमचा भांग दिसण्यासाठी वरची कड अडुसष्टवर. मधलं अंतर एक्केचाळीस इंच. साडेतीन फुटी आरसा घ्या, साडीच्या निऱ्यासुद्धा दिसतील. तो पुढे किंवा मागे झुकवलात तर मात्र हे गणित बिघडेल.

रत्नागिरीहून : बेसिनवरच्या आरशाला दोन वर्षांत कडेने काळे डाग पडले. काच वाईट निघाली का?

काच बहुधा चांगलीच असेल. काचेच्या मागे चांदीचा अगदी पातळ थर असतो आणि त्यावर रंगाचं संरक्षण. कापलेल्या कडेतून ओल आत शिरली की चांदी काळवंडते. तुमच्याकडे पावसाळा आणि खारी हवा, दोन्ही आहेत. त्यातून आपण आरसा पुसतो कसा? स्प्रे थेट काचेवर मारायचा आणि ओघळ खालच्या कडेत साचू द्यायचा. डाग आधी खालीच पडले असतील, बघा. पडलेले डाग निघत नाहीत. नवा घेताना कड घासून पॉलिश करून घ्या, मागे हवा खेळायला थोडी फट ठेवा, फडका ओला करून पुसा आणि लगेच कोरडं करा. आणखी एक : चिकटवायला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरलं, तर ते मागून चांदी खातं. आरशासाठीचं वेगळं, न्यूट्रल सिलिकॉन मिळतं, तेच आणा.

मोठा आरसा नुसत्या चिकटवण्यावर सोडू नका. पाच मिलिमीटर जाडीची सहा बाय चार फुटी काच साधारण अठ्ठावीस किलो भरते. खाली आधाराची पट्टी हवीच. घरात लहान मूल असेल तर काचेच्या मागे सेफ्टी फिल्म लावून घ्या, म्हणजे फुटली तरी तुकडे विखुरणार नाहीत.

साताऱ्याहून : पलंगासमोर आरसा नसावा, असं सासूबाई म्हणतात. यात तथ्य आहे का?

वास्तुशास्त्र हा माझा विषय नाही. पण रात्री अर्धवट झोपेत उठल्यावर समोर कुणीतरी हललं की दचकायला होतं, एवढं तथ्य मला पुरतं. वॉर्डरोबच्या दाराला आतून आरसा लावा, वाद मिटेल. वयाने घरातल्यांना ओळखण्यात गफलत करणारं कुणी घरात असेल, तर जमिनीपर्यंतचा आरसा नकोच. आपलंच प्रतिबिंब परकं माणूस वाटून ती मंडळी घाबरतात.

नागपूरहून : बाल्कनीतल्या आरशावर चिमणी दिवसभर चोची मारते. काय करावं?

तिला तो तिच्या हद्दीत घुसलेला दुसरा पक्षी वाटतो. विणीच्या दिवसांत हे जास्त. पूर्वी आरशावर भरतकामाचं कापड टाकत, ते नुसतं शोभेसाठी नव्हतं. काही आठवडे कापड टाका, नाहीतर आरसा आत घ्या.

पुढच्या पत्रांत एवढं जरूर कळवा : खोलीची लांबी-रुंदी, खिडकी कोणत्या दिशेला आणि जिथे आरसा लावायचा आहे त्याच्या समोर काय आहे. नुसत्या भिंतीचा फोटो पाठवला तर मला उत्तर देता येत नाही.