लाइव्ह पॅच असताना रीबूट कशाला?

शंका : आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर उबुंटूवर आहे. लाइव्ह पॅच सुरू केल्यापासून रीबूट लागत नाही, असं तंत्रज्ञ म्हणतो. पण ‘युनेम -आर’ दिलं की कर्नलचा आकडा जुनाच दिसतो. पॅच खरंच लागतोय ना?
– एक वाचक, सांगली

समाधान : जुन्या आकड्याने घाबरू नका. बूट झालेला कर्नल कोणता, एवढंच ‘युनेम’ सांगतं. लाइव्ह पॅच कर्नल बदलत नाही. चालू कर्नलमधली सदोष फंक्शनं तेवढी बदलतो. खात्री करायची तर ‘/सिस/कर्नल/लाइव्हपॅच’ उघडा. लागलेल्या प्रत्येक पॅचची तिथे डिरेक्टरी असते. तिच्या ‘एनेबल्ड’ फाइलमध्ये १ आणि ‘ट्रान्झिशन’मध्ये ० हवा. ‘ट्रान्झिशन’ १ असेल तर काही प्रोसेस अजून जुन्या कोडवर अडकल्या आहेत.

ही सोय लिनक्स ४.० पासून, म्हणजे २०१५ पासून मूळ कर्नलमध्येच आहे. इंटेल-एएमडीच्या ६४-बिट मशीनवर फंक्शनच्या तोंडाशी पाच बाइटची रिकामी सूचना राखलेली असते. पॅच तिथे उडी बसवतो आणि काम नव्या फंक्शनकडे वळतं. जुनं फंक्शन ज्या प्रोसेसच्या स्टॅकवर नाही, तिलाच नव्याकडे नेलं जातं. म्हणून चालू व्यवहार तुटत नाहीत.

तरी तंत्रज्ञाचं म्हणणं मला मान्य नाही. फंक्शन बदलणं सोपं. मेमरीत आधीच भरलेल्या डेटाची रचना बदलणं महाकठीण. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ हा प्रोसेसरमधला दोष उघड झाला तेव्हा कर्नलची पेज टेबलंच वेगळी करावी लागली, आणि उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने वापरकर्त्यांना रीबूटच करायला सांगितलं. शिवाय लाइव्ह पॅच येतो तो गंभीर सुरक्षा-दोषांपुरता, एका कर्नलसाठी मर्यादित काळ. ओपनएसएसएल, जीलिबसी या लायब्ररींना तो हातही लावत नाही. त्या अपडेट झाल्या तरी सर्व्हिस रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच लायब्ररी वापरात राहते.

आणखी एक. वर्षभर रीबूट न झालेला सर्व्हर वीज जाऊन बंद पडला, तर तो नीट उठेल याची खात्री कोणालाच नसते. बूट होताना कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमधली सहा महिन्यांपूर्वीची चूक नेमकी तेव्हा समोर येते, आणि बाहेर खातेदार उभे असतात.

लाइव्ह पॅच चालूच ठेवा. रीबूटची वेळ आपल्या सोयीने ठरवता येते ती त्याच्यामुळेच. पण महिन्यातून एका शनिवारी दिवसअखेर झाल्यावर, बॅकअप तपासून आणि सर्व्हरपाशी माणूस बसवून, रीबूट कराच.