जुनी मोटार व बेताचा पैसा

मोटारगाडी हें जितकें उपयोगाचें तितकेंच शिकण्याचें साधन आहे. रसायनशास्त्र, पदार्थविज्ञान, भूमिति व अंकगणित हे विषय शाळेंत निरनिराळ्या तासांस शिकविले जातात; परंतु जुन्या मोटारीचें बॉनेट उघडलें कीं, ते सर्व एकाच जागीं एकत्र नांदतांना दिसतात. पुष्कळ घरांच्या अंगणांत आजोबांची किंवा वडिलांची एखादी मोटार ताडपत्रीखालीं वर्षानुवर्षें उभी असते. भंगारवाला तिची किंमत वजनावर करतो. घरच्या मंडळींस ती देववत नाहीं. आणि दुरुस्तीचा आंकडा ऐकिला म्हणजे छाती दडपते. अशा वेळीं बेताच्या पैशांत ती पुन्हां रस्त्यावर आणितां येईल काय, आणि येत असल्यास कोणत्या क्रमानें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा हेतु आहे. उदाहरणादाखल आम्ही प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेतों. कारण ती महाराष्ट्रांत जन्मली, आणि तिची रचना इतकी साधी आहे कीं, ती दहावीच्या विद्यार्थ्यासही समजावून देतां येते.

गाडीची ओळख

सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिचा कारखाना मुंबईस कुर्ला येथें होता. इटलींतील फियाट कंपनीच्या सहकार्यानें १९६४ सालीं तेथून फियाट ११०० डिलाइट ही गाडी बाहेर पडूं लागली. चितोडच्या राणीचें पद्मिनी हें नांव तिला १९७४ सालीं मिळालें. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून तिनें कित्येक पिढ्यांची सेवा केली. तेथें टॅक्सीस वीस वर्षांची वयोमर्यादा आहे; शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्यें नोंदली गेली होती, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी त्या शहरांतून निवृत्त झाली. खासगी मालकांपाशीं मात्र अशा गाड्या अद्यापि आहेत.

नांवांतील ११०० हा आंकडा कोठून आला, हें विद्यार्थ्यांनीं स्वतः काढून पाहावें. एंजिनांत चार सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर व दट्ट्याची धांव ७५ मिलिमीटर. त्रिज्या ३.४ सेंटिमीटर, तिचा वर्ग ११.५६, त्यास ३.१४१६ नें गुणिलें म्हणजे वर्तुळाचें क्षेत्रफळ सुमारें ३६.३२ चौरस सेंटिमीटर येतें. त्यास ७.५ नें गुणून चौपट करावें. अपूर्णांक सोडल्यास उत्तर १०८९ घन सेंटिमीटर येईल. हाच आंकडा गाडीच्या माहितीपत्रकांत आढळतो.

खर्चापूर्वींची परीक्षा

बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्याचा दृष्टान्त लूककृत शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायांत आहे. आधीं बसून हिशेब न करणाराचें काम पायाशींच अडतें, हें त्याचें तात्पर्य. जुन्या मोटारीच्या बाबतींत हें अक्षरशः खरें ठरतें. म्हणून पहिला रुपया खर्च करण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षें चालते. पुढें गाडीची तपासणी होऊन ती दर ५ वर्षांनीं नवी करून घ्यावी लागते. नोंदणीपुस्तक हरवलें असेल, किंवा गाडी मृत आप्ताच्या नांवावर असेल, तर आधीं तो प्रश्न सोडवावा. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांकरितां केंद्र सरकारनें २०२१ सालीं निराळे नियम केले; त्यांप्रमाणें नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये असून अशी गाडी नित्याच्या वापरास नेतां येत नाहीं. ज्यास तिच्यांतून रोज बाजारांत जावयाचें आहे, त्यानें हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट पत्र्याची. पद्मिनीस वेगळी चौकट नाहीं; सर्व भार पत्र्याच्या सांगाड्यावरच असतो. यास्तव तिचा खालचा पत्रा कुजला तर घराच्या भिंतीच कुजल्या असें समजावें. दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा, जॅक लावण्याच्या जागा व मागील स्प्रिंगांचे आधार हे भाग पेचकसाच्या मुठीनें ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. बद्द आवाज आला तर आंत गंज किंवा लांबी भरलेली. एक लहानसा लोहचुंबक पातळ कापडांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावा. जेथें तो धरत नाहीं, तेथें रंगाखालीं लांबी आहे. या परीक्षेस दमडीही लागत नाहीं, आणि ती हजारों रुपये वांचविते.

तिसरी गोष्ट अपुरेपणाची. एंजिनाचे सुटे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारांत अद्यापि सांपडतात. परंतु कांचा, दिव्यांच्या चौकटी व बारीक शोभेचे तुकडे मिळविण्यास कधीं कधीं एंजिनाच्या दुरुस्तीहून अधिक धांवपळ करावी लागते.

या तीन परीक्षांत सांगाडाच नापास झाला तर गाडी दुरुस्त करण्याचा हट्ट धरूं नये. तिचे चांगले भाग दुसऱ्या गाडीस द्यावे. यांत अपयश नाहीं, शहाणपण आहे. मुलांच्या शिक्षणाचा पैसा मोडून किंवा कर्ज काढून जुनी मोटार उभी करणें हें तर पालकांनीं सर्वथा टाळावें.

शंभर रुपयांची वांटणी

समजा, खर्चास शंभर रुपये आहेत. आमच्या मतें त्यांची वांटणी अशी असावी : ब्रेक, टायर व सुकाणूकरितां ३५, एंजिन, क्लच व विजेच्या तारांकरितां २५, गंज व पत्र्याकरितां १५, रंग व बैठकीकरितां ५, आणि शिल्लक २०. ही शिल्लक पाहून पुष्कळ लोक हसतात. पण जुन्या यंत्राचा एक नट सोडविला म्हणजे दुसरा तुटतो, हें ज्यांनीं हातांत पाना धरिला आहे ते जाणतात.

याउलट बहुतेक मालक रंगापासून प्रारंभ करितात, कारण रंग शेजाऱ्यांस दिसतो. आमच्या पाहण्यांत आलेल्या एका गाडीस मालकानें प्रथम सुंदर पांढरा रंग दिला, नव्या गाद्या बसविल्या, आणि मग ब्रेकचें काम काढिलें. जॅक लावितांच दाराखालची पट्टी आंत दबली. वेल्डिंगसाठीं नवा रंग जाळावा लागला व गाद्या काढाव्या लागल्या. एकाच कामाचे पैसे दोनदां गेले. जें आंत आहे तें आधीं, जें वर दिसतें तें शेवटीं, हा नियम येथें खर्चाचाही नियम आहे.

झोंपलेलें एंजिन जागें करणें

वर्षानुवर्षें बंद असलेल्या गाडीस नवी बॅटरी जोडून एकदम किल्ली फिरवूं नये. सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पापुद्रा सुकलेला असतो व तेथें बारीक गंज चढतो. अशा स्थितींत दट्टा जोरानें घांसला तर भिंतीस कायमचे ओरखडे पडतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोंकांत चमचाभर तेल सोडावें व एक दिवस जाऊं द्यावा. नंतर पुढील पुलीच्या नटास पाना लावून एंजिन हातानें हळूहळू फिरवावें. सहज फिरलें तर अर्धें काम झालें. अडलें तर बळ न करितां आणखी तेल सोडून वाट पाहावी.

मग तीन द्रव बदलावे : एंजिनाचें तेल, रेडिएटरचें पाणी व टाकींतील पेट्रोल. जुनें पेट्रोल हवेशीं संयोग पावून चिकट होतें व कार्ब्युरेटरच्या सूक्ष्म भोंकांत बसतें. तीं भोंकें तारेनें कधींही टोंचूं नयेत. त्यांचें माप बिघडतें. द्रावकानें धुऊन हवेनें फुंकावीं. हल्लीं पेट्रोलमध्यें २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलें असतें. तें जुन्या रबरास फुगवितें व हवेंतील ओलावा शोषून घेतें. म्हणून पेट्रोलच्या सर्व जुन्या नळ्या काढून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवाव्या. खर्च थोडा आहे. न केल्यास आगीचें भय आहे.

यानंतर ठिणगी. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट बारीक पॉलिश कागदानें स्वच्छ करून त्यांतील अंतर पुस्तिकेंत दिल्याप्रमाणें ठेवावें. ठिणगीचा क्रम १, ३, ४, २ असा आहे. तारा बदलल्या गेल्या तर उत्तम एंजिनही केवळ खोकत राहतें.

एंजिन चाललें, पण जोर कमी आहे, असें झाल्यास तें उलगडण्याची घाई करूं नये. कॉम्प्रेशन मोजण्याचें घड्याळ प्रत्येक सिलिंडरला लावून आंकडे लिहून घ्यावे. ज्याचा आंकडा कमी येईल त्यांत थोडें तेल सोडून पुन्हां मोजावें. आंकडा वाढला तर दोष दट्ट्याच्या कड्यांत आहे, कारण तेलानें त्यांची फट बुजली. न वाढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हांत किंवा गॅस्केटांत आहे, कारण तेथपर्यंत तेल पोहोंचत नाहीं. विद्यार्थ्यांनीं ही विचारपद्धति नीट पाहावी. एकच गोष्ट बदलावी, बाकी सर्व तशींच ठेवावी, आणि फरकावरून कारण ठरवावें : प्रयोगशाळेंत आपण याहून वेगळें कांहींच करीत नाहीं.

थांबण्याची शक्ति

गाडी चालविणें हें एंजिनाचें काम. परंतु घरच्या माणसांचे प्राण ब्रेकवर अवलंबून असतात. पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानें सतराव्या शतकांत दाखविलें कीं, बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो. पायानें पॅडल दाबलें म्हणजे हाच दाब नळ्यांतून चारही चाकांस पोहोंचतो. परंतु ब्रेकचें तेल हवेंतील पाणी शोषितें. त्यायोगें नळ्या आंतून गंजतात, आणि उतारावर सतत ब्रेक लावल्यानें तापून त्या पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं, वाफ दबते. मग पॅडल जमिनीस टेंकतें व गाडी थांबत नाहीं. यास्तव सर्व तेल, रबरी वॉशर व रबरी नळ्या नव्याच घालाव्या. जुन्या ब्रेकपट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यांची धूळ फुंकूं नये, ओल्या फडक्यानें पुसावी व तोंडावर योग्य मुखवटा बांधावा.

टायरची नक्षी पाहून फसूं नये. त्याच्या बाजूस चार आंकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन सालाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालांतील ३२ वा आठवडा. दहा वर्षें उलटलेला टायर कितीही नवा दिसला तरी टाकावा. पट्टे नसतील तर बसवून घ्यावे. जुन्या गाडीस नव्या गाडीचीं संरक्षक साधनें नाहींत, हें ओळखून वेगही बेताचाच ठेवावा.

घरचें काम व कारागिराचें काम

काटकसर म्हणजे हलका माल घेणें नव्हे. मजुरी वांचविणें होय. गंज खरवडणें, त्यावर गंजरोधक व लाल प्रायमर लावणें, तारांच्या जमिनीस जोडलेल्या जागा घांसून स्वच्छ करणें, गाद्या शिवणें, भाग धुऊन डब्यांत नांव लिहून ठेवणें, हीं कामें घरीं होतात. दिव्यांचे निम्मेअधिक रोग त्या एका घांसण्यानेंच बरे होतात. उलटपक्षीं वेल्डिंग, ब्रेक, सुकाणू व एंजिनाचें कातकाम हीं जाणत्या मेकॅनिककडेच सोंपवावीं व त्याला त्याची मजुरी घासाघीस न करितां द्यावी. पद्मिनी ओळखणारे कारागीर आतां वृद्ध होत चालले आहेत; त्यांच्या शेजारीं उभें राहून शिकणें हाही या कामाचा एक मोठा लाभ आहे.

मुलांनीं दोन नियम कधींही मोडूं नयेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं जाऊं नये. खालीं भक्कम घोडे लावावे. आणि पेट्रोलची टाकी उघडी असतां किंवा बॅटरी भरली जात असतां जवळपास ठिणगी पडूं देऊं नये. बॅटरींतून निघणारा हायड्रोजन स्फोटक आहे.

प्रत्येक कामाची तारीख, खर्च व निष्कर्ष एका वहींत लिहीत जावें. ही वही वर्षभर प्रामाणिकपणें ठेविली तर मुलाला हिशेब, यंत्रज्ञान व धीर हीं तिन्ही एकदम येतील. आणि गाडी विकण्याची वेळ आलीच, तर घेणाऱ्यास गाडीच्या रंगापेक्षां त्या वहीचाच अधिक भरंवसा वाटेल. येत्या सुटींत ज्यांच्या अंगणांत अशी एखादी गाडी आहे, त्यांनीं पालकांची अनुमति घेऊन ताडपत्री काढावी, लोहचुंबक व वही हातीं घ्यावी, आणि पहिल्या दिवशीं केवळ परीक्षाच करावी. पाना दुसऱ्या दिवशीं.