रुक्या आणि ताईत : शरणवचनाची दोन रूपे

कुराणातील वचने अथवा दुवा म्हणून रुग्णावर फुंकर घालण्याच्या इस्लामी उपचारास ‘रुक्या’ म्हणतात. इमाम बुखारी (८१०–८७०) यांच्या हदीससंग्रहात दंश झालेल्या एका टोळीप्रमुखाचा प्रसंग येतो. पैगंबरांच्या सहकाऱ्याने ‘फातिहा’ पठण करताच तो बरा झाला; मोबदल्यातील मेंढ्याही पैगंबरांनी ग्राह्य ठरविल्या. इमाम मुस्लिम यांच्या संग्रहातील हदीस मात्र मर्यादा घालते : रुक्यात ‘शिर्क’, म्हणजे ईश्वराच्या बरोबरीने अन्य कोणास मानणे, नसावे. मंत्राशी असलेला भेद येथेच स्पष्ट होतो. मंत्रात ध्वनीलाच सामर्थ्य कल्पिले जाते. रुक्यातील शब्द ही याचना असते, आरोग्यदाता ईश्वरच.

रुक्यात म्हटल्या जाणाऱ्या ‘फलक’ व ‘नास’ या सूरांना ‘मुअव्विजतैन’ म्हणतात. त्या नावातील ‘आश्रय मागणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासूनच ‘तावीज’ आणि आपला ‘ताईत’ आला. उच्चारायचे शरणवचन लिहिले गेले, मढविले गेले, वस्तू झाले. हे रूपांतर धर्मसंमत आहे काय, याविषयी उलेमांत मतभेद आहेत. ‘गळ्यातील ताईत’ म्हणताना आपण तर मूळ याचनाच विसरलो आहोत. म्हणून अभ्यासकाने रुक्याचे भाषांतर ‘मंत्र’ असे करू नये. तसे केल्यास पठण करणाऱ्याची श्रद्धाच बदलून जाते.