कॉलेजची निवड व संघाचा अभिमान

शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांस "कोणतें कॉलेज?" असें आम्ही विचारतों, तेव्हां पुष्कळदां उत्तर मिळतें तें तेथील क्रिकेटच्या संघाचें. हें हंसण्यावारी नेण्याजोगें नाहीं.

इंग्लंडांत ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांची नौकांची शर्यत प्रथम १८२९ सालीं झाली. १८५६ पासून, दोन महायुद्धांचीं वर्षें व २०२० सालची साथ वगळतां, ती प्रतिवर्षीं होत आली आहे. मार्ग नेहमींचा टेम्स नदीवरचा, पटनीपासून मॉर्टलेकपर्यंत, सुमारें ६.८ किलोमीटर, नौकेंत आठ वल्हेकरी व एक सुकाणूधारी. १८७७ सालीं तर दोन्ही नौका बरोबरीच्या ठरल्या! स्त्रियांची शर्यत १९२७ सालीं सुरू झाली, परंतु हा मार्ग त्यांस २०१५ सालीं मिळाला, उशीरच म्हणावयाचा. ऑक्सफर्डचा रंग गडद निळा, केंब्रिजचा फिका. कांठावर जयघोष करणाऱ्यांपैकीं कित्येकांनीं त्या विद्यापीठांचा उंबरठाही ओलांडलेला नसतो. तरी बालपणीं धरिलेला रंग ते म्हातारपणापर्यंत सोडीत नाहींत.

प्रेक्षकास या रंगाचें मोल पडत नाहीं. वल्हेकरी मात्र तेथील विद्यार्थीच असावा लागतो. शर्यत संपली कीं त्याला परीक्षा असतेच. आपल्या मुलाचीही गोष्ट तीच. शिवाय फीचा पैसा बापाच्या घामाचा. जेथें तो वर्षें काढील, तेथील संघ त्याला आपोआप आपला वाटूं लागेल. तेव्हां शिक्षक, ग्रंथालय व खर्च यांची चौकशी आधीं व्हावी. प्रयोगशाळा आणि वसतिगृहाचें स्वयंपाकघर पालकांनीं स्वतः जाऊन पाहावें. मैदान मुलें पाहून येतातच.