पस्तिसावा हिस्सा

दिवाळी जवळ आली, की अंधेरीच्या चाळींच्या आवारांत आणि इमारतींच्या अंगणांत मुलांची किल्ला बांधण्याची धांदल उडते. विटा, गोणपाट आणि माती यांचा डोंगर उभा राहतो आणि शिखरावरील सिंहासनावर मातीचे महाराज विराजमान होतात. महाराज बुरुजाहून उंच आणि मावळा तोफेहून थोर, असे येथे सर्रास घडते. त्याची खंत कोणी करीत नाही. परंतु याच मुलांपैकी एखादा पुढे लष्करी वाहनांच्या प्रतिकृती करण्याच्या छंदाकडे वळला, म्हणजे त्याचे पहिले भांडण या थोर मावळ्याशीच होते. कारण या छंदात प्रमाण हाच कायदा असतो.

रणगाड्यांच्या प्रतिकृतींत एकास पस्तीस हे प्रमाण विशेष रूढ आहे. त्याचा उगम मोठा गमतीदार आहे. १९६१ साली जपानमधील तामिया या कारखान्याने विजेरीवर चालणारा जर्मन 'पँथर' रणगाडा तयार केला. आत विजेऱ्या मावाव्यात एवढाच त्याचा आकार ठेवला होता. मागाहून हिशेब केला, तेव्हा तो मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढा भरला! पुढे जगभरच्या कारखान्यांनी तेच प्रमाण उचलले.

असे तयार संच बहुधा जर्मन, अमेरिकन किंवा रशियन वाहनांचे असतात. भारतात बांधला गेलेला पहिला रणगाडा 'विजयंत' हा मात्र दुकानात सहसा सापडत नाही. त्याचा आराखडा इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीचा. १९६५ मध्ये मद्रासजवळील आवडी येथील कारखान्यातून पहिला विजयंत बाहेर पडला. अनेक वर्षे सेवा करून तो आता निवृत्त झाला आहे. त्याची प्रतिकृती हवी असेल, तर ती मुळापासून आपल्याच हातांनी घडविली पाहिजे.

त्यासाठी प्रथम रणगाडा पाहावा लागतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या रणगाडा संग्रहालयात जुनी चिलखती वाहने मांडली आहेत. त्यांत विजयंतही आहे. प्रत्येक भागाला फूटपट्टी लावणे शक्य नसते. पण बाजूने घेतलेले नेटके छायाचित्र आणि शाळेत शिकलेले त्रैराशिक एवढ्यावर पुष्कळ काम भागते. तोफ वगळून लांबी सुमारे ७.९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत साडेबावीस सेंटिमीटर. एक माप धरले, की चित्रावरून दुसरे काढता येते. तोफेच्या नळीचे छिद्र १०५ मिलिमीटरचे. त्याचा पस्तिसावा हिस्सा बरोबर तीन मिलिमीटर! असा नेमका भागाकार आला, की कारागिराला लॉटरी लागल्यासारखे वाटते.

विजयंताचे अंग सपाट पोलादी पत्रे सांधून केलेले असल्यामुळे प्लॅस्टिकचे पातळ पत्रे कापून ते उभारता येते. सांध्यांच्या फटींत, रंगारी भरतात तशी लांबी भरावी आणि काचकागदाने घासावी. खरी कसोटी चाकांची. दोन्ही बाजूंना सहा-सहा चाके, आणि सारी एकसारखी! म्हणून एकच चाक जिवापाड मेहनतीने घडवितात, त्याचा साचा घेतात आणि बाकीची ओततात. पहिल्या चाकात राहिलेली चूक मग बाराही ठिकाणी उमटते.

रंगकामात हात राखावा लागतो. पाव मिलिमीटर जाडीचा थर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर जवळजवळ नऊ मिलिमीटरचा लेप; त्याखाली बोल्टची डोकी बुजून जातात. म्हणून पातळ रंगाचे दोन-तीन हात फवारतात. अंधेरीच्या पावसाळ्यात तेही साधत नाही. दमट हवेत लॅकरचा रंग वाळताना त्यावर पांढुरकी झाक येते आणि सारा श्रम वाया जातो. आषाढ-श्रावणात कारागीर कापाकापीच करीत बसतो, हे बरे. चौकात मांडलेल्या रणगाड्याचा रंग पाहून नक्कल करणेही धोक्याचे. त्यावर शोभेसाठी पुनःपुन्हा चढविलेला रंग रणांगणावर कधी नव्हताच.

शेवटी माणसे. पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक या प्रमाणात पाच सेंटिमीटरचा होतो. विजयंतात चौघे असत: पुढे चालक, आणि बुरुजात नायक, तोफची व गोळे भरणारा. हे तीन पुतळे बुरुजात ठेवू गेले, की तोफेच्या मागल्या भागाने अडविलेली जागा प्रथमच ध्यानात येते. कोपर कोठे ठेवावे, हा प्रश्न पडतो. गोळे भरणाऱ्याच्या हाती द्यावयाचा गोळा त्याच्या निम्म्या उंचीचा. तो घेऊन त्याने वळायचे, आणि तेही गाडी उसळत असताना! बाहेरून पाहताना रणगाडा केवढा अवाढव्य वाटला होता. येथे चिमट्याच्या टोकाने एका माणसाचा गुडघा दुसऱ्याच्या पाठीमागे सरकवावा लागतो, आणि मगच छत बसते.