पोटातली लांब वाट

मुलांनो, न्यूझीलंड देशाच्या उत्तर बेटावर पुकेकोहे नावाचे गाव आहे. ऑकलंड या मोठ्या शहरापासून ते दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर आहे. ज्वालामुखीमुळे बनलेल्या तेथील तांबूस, कसदार जमिनीत कांदे आणि बटाटे भरपूर पिकतात. आपल्या देशातून गेलेली गुजराती आणि पंजाबी कुटुंबेही तेथे भाजीपाला पिकवीत आली आहेत. आपल्याकडे कांद्यासाठी जसे लासलगाव, तसे तिकडे पुकेकोहे.

पुकेकोहेची मुले दुपारचे जेवत असतात, तेव्हा आपल्याकडे पहाट असते. तुम्ही साखरझोपेत असता. तुमची आतडी मात्र जागीच असतात! कांदा लासलगावचा असो की पुकेकोहेचा, तोंडातून खाली उतरला की त्याची वाट एकच.

चावलेला घास अन्ननलिकेतून जठरात जातो. तेथे तो घुसळला जाऊन पेजेसारखा पातळ होतो. ही पेज थोडी थोडी लहान आतड्यात उतरते. लहान आतडे नावालाच लहान! मोठ्या माणसाच्या पोटात ते सुमारे ६ मीटर लांब असते. मोठे आतडे जेमतेम दीड मीटर. पण ते रुंद, म्हणून मोठे. दोन्ही एकापुढे एक पसरली, तर आजीच्या नऊवारी लुगड्यापेक्षा थोडीच आखूड भरतील. पोटात ती वेटोळी घालून बसलेली असतात.

अन्न पुढे कसे जाते? आतड्याचा मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो आणि अन्न सरकते. पायजम्यात नाडी ओवताना आपण नेफा चुरगळत नाडी पुढे नेतो, काहीसे तसेच. वाटेत यकृताकडून आलेला पित्तरस आणि स्वादुपिंडाचा पाचकरस अन्नात मिसळतात. अन्नाचे अगदी बारीक कण होतात. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला टॉवेलच्या धाग्यांसारखे असंख्य इवलेसे उंचवटे असतात. ते हे कण शोषून रक्तात पोहोचवतात.

कांद्यातील काही भाग मात्र येथे पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो. तेथे राहणारे कोट्यवधी जिवाणू त्याच्यावर ताव मारतात आणि वायू तयार करतात. जास्त कांदा खाल्ल्यावर पोट का गुडगुडते, ते कळले ना?

आता पाण्याचे पाहा. आपण प्यालेले पाणी आणि शरीरातले पाचकरस मिळून रोज सुमारे ८ ते ९ लीटर द्रव आतड्यात येतो. त्यातला बहुतेक सगळा आतडी परत शोषून घेतात. हगवण लागली, की हे काम बिघडते. पाणी आणि क्षार बाहेर जातात. बाळ काही तासांत मलूल होते. असे कितीतरी जीव पूर्वी जात असत.

१९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथे पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपे भरली. रोग्यांचे नातेवाईकच ते पाणी त्यांना पाजू लागले. आधी शंभरांतले वीस-तीस रोगी दगावत होते. हे पाणी मिळू लागल्यावर चारही दगावेनात! २०२२ साली डॉक्टरांचे निधन झाले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

हे पाणी लागू का पडले? हगवणीत नुसते मीठ आतडे नीट शोषत नाही. पण जोडीला साखर असली, की दोघांना एकदम आत घेते आणि त्यांच्यामागून पाणीही आत जाते. हे दार हगवणीतही उघडे राहते.

दवाखान्यात या क्षारांची पुडी मिळते. ती नसेल तर एक लीटर उकळून गार केलेले पाणी घ्यावे. त्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. मीठ जास्त पडू देऊ नये. हे पाणी थोडे थोडे, पुन्हा पुन्हा पाजावे. बाळाचे डोळे खोल गेले किंवा ते गुंगीत राहू लागले, तर त्याला लगेच दवाखान्यात न्यावे. जागे असेल, तर वाटेतही पाजणे थांबवू नये.