धन व ऋण अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी

अपूर्णांकास ऋण चिन्ह लागले की मुले गोंधळतात. नियम आधी पाठ होतो आणि अर्थ मागे राहतो, हे त्याचे कारण होय. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात बेरीज-वजाबाकीचे नियम धन व ऋण हेच शब्द योजून दिले. धन म्हणजे शिल्लक, ऋण म्हणजे देणे. शिक्षकांनी पाठाचा आरंभ या अर्थापासूनच करावा.

सखूच्या घरी १/२ किलो साखर आहे आणि शेजारणीचे ३/४ किलो देणे आहे. दोहोंची बेरीज करावयाची, तर प्रथम समच्छेद करावेत:

१/२ + (−३/४) = २/४ − ३/४ = −१/४

म्हणजे असलेली साखर देऊनही पाव किलोचे देणे उरते.

आता शेजारणीने ते सर्व देणे सोडून दिले, असे समजा. देणे काढून घेणे म्हणजे ऋण वजा करणे:

−१/४ − (−३/४) = −१/४ + ३/४ = २/४ = १/२

घरची अर्धा किलो साखर सखूपाशीच राहिली. ऋण वजा केले असता बेरीज का होते, हे मुलांस येथे आपोआप उमगते.

पुष्कळ मुले −२/३ + १/२ या उदाहरणात अंशात अंश व छेदात छेद मिळवून −१/५ असे उत्तर काढतात. छेद हा भागाचा आकार दाखवितो. निरनिराळ्या आकारांचे भाग एकत्र मोजता येत नाहीत, हे कागदाच्या घड्या घालून दाखवावे. खरे उत्तर −४/६ + ३/६ = −१/६ होय.

प्रत्येक उत्तरानंतर 'शिल्लक की देणे?' हा प्रश्न मुलांस अवश्य विचारावा.